संदर्भ लेख : सर्वांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर – कायदा, मानके आणि मराठीपुढील प्रश्न

नवी दिल्ली : बँकेत खाते उघडण्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरा आणि डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना पडद्यावर येते. बहुतेक ग्राहक ती क्षणार्धात पार पाडतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या आणि डोळे भाजले गेले आहेत, त्यांना मात्र ती पाळता येत नाही. समोर जिवंत व्यक्ती असल्याची खात्री उघडझापेवरूनच करून घेणारी यंत्रणा अशा ग्राहकाला नाकारते. या अनुभवातून उभ्या राहिलेल्या ‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा मिळविण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग आहे, असे न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले.

शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, सातबाराचा उतारा, विजेचे बिल, परीक्षेचे प्रवेशपत्र अशी असंख्य कामे आता संकेतस्थळ किंवा ॲपमधून होतात. काही कामांसाठी तर दुसरा मार्गच उरलेला नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर वापरता न येणे म्हणजे ती सेवाच न मिळणे होय. म्हणूनच सॉफ्टवेअर सर्व क्षमतांच्या व्यक्तींना वापरता यावे, ही मागणी आज कायद्याच्या चौकटीत आली आहे. ही चौकट कोणती, सुगम सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय आणि मराठी मजकुराच्या बाबतीत कोणत्या विशेष अडचणी आहेत, याचा हा आढावा.

सुगम्यता म्हणजे काय?

संकेतस्थळ, ॲप, दस्तऐवज किंवा यंत्र यांचा वापर दिव्यांग व्यक्तीला इतरांइतक्याच पूर्णतेने, तितक्याच गोपनीयतेने आणि शक्यतो कोणाच्या मदतीविना करता येणे, म्हणजे डिजिटल सुगम्यता. यातील ‘मदतीविना’ हा भाग कळीचा आहे. बँकेचे ॲप स्वतः हाताळता येत नसेल, तर दृष्टिहीन ग्राहकाला आपला पिन आणि ओटीपी शेजाऱ्याला किंवा दुकानदाराला सांगावा लागतो. पिन कोणालाही सांगू नका, असे बजावणारी व्यवस्थाच मग त्याला तो सांगण्यास भाग पाडते.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.२१ टक्के होते. त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टीचे, जवळपास ५१ लाखांना श्रवणाचे आणि ५४ लाखांना हालचालींचे अपंगत्व होते. ही गणना अपंगत्वाचे आठ प्रकार धरून झाली होती. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारांना मान्यता दिली असून, त्यात ॲसिड हल्ल्यातील पीडित, अध्ययन अक्षमता असलेल्या व्यक्ती आणि पार्किन्सनचे रुग्ण यांचाही समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांपैकी एक व्यक्ती, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगत आहे. वयोमानाने ज्यांची नजर मंदावली आहे किंवा हात थरथरतो, असे ज्येष्ठ नागरिक स्वतःला दिव्यांग म्हणवत नाहीत. परंतु त्यांच्या अडचणी याच स्वरूपाच्या असतात.

पडद्यामागील रचना

दृष्टिहीन व्यक्ती संगणक किंवा मोबाइल कसा वापरते, हे समजले की सुगम्यतेचा अर्धा विषय उलगडतो. त्यासाठी स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर वापरले जाते. ते पडद्यावरील मजकूर बोलून दाखविते किंवा ब्रेल उपकरणावर उमटविते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही सुविधा अंगभूत असते. संगणकासाठी जॉज हे विकतचे, तर एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर प्रचलित आहे. एनव्हीडीएचे काम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केले. त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे.

स्क्रीन रीडर प्रामुख्याने पानाच्या मागील रचनेवर चालतो. शीर्षक हे खरोखर शीर्षक म्हणून नोंदविलेले असेल, तर एक कळ दाबून वाचक एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर जातो. तेच शीर्षक केवळ ठळक, मोठ्या अक्षरांत रंगविलेले असेल, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण स्क्रीन रीडरला ते साधे वाक्य वाटते. पैसे पाठविण्याच्या बटणावर केवळ बाणाचे चित्र असेल आणि त्यामागे नाव लिहिलेले नसेल, तर वापरकर्त्याला ‘बटण’ एवढाच शब्द ऐकू येतो. एका पानावर अशी सहा बटणे असली, तर कोणते दाबल्याने खात्यातून पैसे जातील हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

अडचणी केवळ दृष्टीशी निगडित नाहीत. ओटीपी फक्त दूरध्वनीवर बोलून सांगितला जात असेल किंवा तक्रार फक्त बोलूनच नोंदविता येत असेल, तर कर्णबधिर ग्राहकाची वाट बंद होते. हातांवर नियंत्रण कमी असलेली व्यक्ती माउसऐवजी कळफलक, आवाज किंवा एकाच मोठ्या कळीच्या आधारे काम करते. तिच्यासाठी बारीक बटणे आणि ९० सेकंदांत संपणारे अर्ज हे अडसर ठरतात. चुकलेला रकाना केवळ लाल चौकटीने दाखविला, तर रंगांधळ्या व्यक्तीला चूक सापडत नाही. ‘विनंती प्रक्रियान्वित होऊ शकली नाही’ या संदेशाने कोणालाच फारसा बोध होत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला तर मुळीच नाही. ‘पैसे गेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य सर्वांना कळते.

चार तत्त्वे, तीन पातळ्या

या सर्व गरजा एकत्र करून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. ती डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जातात. त्यांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये, दुसरी डिसेंबर २००८ मध्ये, २.१ ही आवृत्ती जून २०१८ मध्ये आणि २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. २.२ मध्ये ८६ निकष आहेत. त्यांचा गाभा चार तत्त्वांत सामावलेला आहे.

• आकलनीयता : चित्राला शब्दांत वर्णन, चित्रफितीला उपशीर्षके आणि मजकुराला पुरेशी ठळक रंगसंगती असावी. सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे.

• हाताळणीयोग्यता : प्रत्येक क्रिया केवळ कळफलकाने करता यावी, मुदत वाढवून मिळावी आणि एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे दृश्य नसावे, कारण त्यामुळे काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

• सुबोधता : भाषा सोपी, मांडणी सुसंगत आणि चुकीचा संदेश नेमका असावा.

• टिकाऊपणा : वेगवेगळे ब्राउझर, फोन आणि साहाय्यक साधने यांवर सॉफ्टवेअर सारखेच चालावे.

निकषांच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. व्यवहारात डबल ए ही पातळी मापदंड म्हणून धरली जाते. २.२ या आवृत्तीने प्रवेशप्रक्रियेचीही दखल घेतली आहे. पासवर्ड स्मरणातूनच आठवला पाहिजे किंवा कोडे सोडवलेच पाहिजे, अशी सक्ती असू नये. पासवर्ड चिकटविण्याची मुभा असावी, असा त्याचा आशय आहे. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणाऱ्या कॅप्चाचा प्रश्न येथे येतो. दृष्टिहीनांसाठी ध्वनीचा पर्याय दिला, तरी दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या व्यक्तीला तो निरुपयोगी ठरतो. त्यामुळे कोडेच टाळणे अधिक श्रेयस्कर मानले जाते.

वास्तव या निकषांपासून दूर आहे. अमेरिकेतील यूटा स्टेट विद्यापीठाची वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे स्वयंचलित साधनांनी तपासते. २०२५च्या पाहणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर डब्ल्यूसीएजीचे उल्लंघन आढळले. फिकट अक्षरांचा दोष ७९.१ टक्के पृष्ठांवर होता. रंग बदलण्यासारख्या साध्या दुरुस्तीने हा दोष दूर होऊ शकतो.

भारतातील कायदेशीर चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. त्यातील अनुच्छेद ९ नुसार माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम करणे ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारी ठरते. या करारनाम्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला.

या अधिनियमाचे कलम ४० केंद्र सरकारला सुगम्यतेची मानके ठरविण्यास सांगते. कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात असणे, तसेच दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सार्वत्रिक रचनेची असणे अपेक्षित आहे. कलम ४६ शासकीय आणि खासगी अशा दोन्ही सेवापुरवठादारांना लागू होते. नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करण्याचे बंधन त्यात आहे. हे नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे ही मुदत जून २०१९ मध्येच संपली. अधिनियमाच्या उल्लंघनासाठी कलम ८९ खाली प्रथम १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मानकांच्या बाजूने दोन दस्तऐवज महत्त्वाचे आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत, २०२१ आणि २०२२ मध्ये, जाहीर केले. संकेतस्थळांबरोबरच मोबाइल ॲप, दस्तऐवज आणि उपकरणे यांनाही ते लागू होते. २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार देण्यात आला.

दोन निकालांनी काय बदलले?

राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश डी. वाय. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने २०१७च्या नियमावलीतील नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. अधिनियम बंधन घालतो, तर नियम ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवितो ती केवळ शिफारशींच्या स्वरूपाची आहेत, ही त्यातील विसंगती होती. किमान, तडजोड न होणारी मानके वेगळी काढून तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने सादर केलेला अहवाल या निकालाचा महत्त्वाचा आधार होता.

या निकालात सुगम्यता आणि वाजवी सोय यांतील भेदही अधोरेखित झाला. एखाद्या व्यक्तीने मागणी केल्यानंतर तिच्या गरजेनुसार केलेली व्यवस्था ही वाजवी सोय. सुगम्यता मात्र कोणी मागण्यापूर्वीच, सर्वांसाठी, उभारणीच्या वेळी पार पाडावयाची जबाबदारी आहे. सॉफ्टवेअरच्या संदर्भात याचा अर्थ असा, की ॲप बाजारात आल्यावर तक्रारींची वाट पाहणे पुरेसे नाही.

त्यानंतर आलेल्या प्रज्ञा प्रसून निकालात एकूण २० निर्देश आहेत. या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या याचिकेसोबत एका पूर्णतः दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकेचीही सुनावणी झाली. ग्राहकाची ओळख पटविताना डोळ्यांच्या उघडझापेला पर्याय द्यावा, अंगठ्याचा ठसा स्वीकारावा, कागदोपत्री पडताळणीचा मार्ग खुला ठेवावा, यंत्राने नाकारलेल्या अर्जाची मानवी तपासणी व्हावी, सुगम्यतेसाठी समन्वय अधिकारी नेमावेत, ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून लेखापरीक्षण करून घ्यावे आणि ॲपच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सहभागी करावे, हे त्यांतील काही प्रमुख निर्देश होत. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, जुलै २०२५ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी डिजिटल सुगम्यतेविषयी परिपत्रक काढले. त्यापाठोपाठ ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक-ओळखीच्या नियमांत दुरुस्ती केली.

मराठी मजकुरापुढील प्रश्न

कायदा आणि मानके पाळली, तरी मराठी वापरकर्त्याचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. त्यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण जुन्या फॉन्टचे. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये मात्र रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेली असत. अशा फाइलमध्ये डोळ्यांना ‘पुणे’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरेच वाचून दाखवितो. छपाईसाठी तयार केलेली पत्रके आणि पुस्तके तशीच संकेतस्थळावर चढविली, तर ती दृष्टिहीन वाचकासाठी कोरीच राहतात.

दुसरे कारण स्कॅन केलेल्या कागदांचे. शिक्का आणि स्वाक्षरी असलेल्या पत्राचे छायाचित्र पीडीएफ म्हणून टाकले, की त्यात वाचण्याजोगा मजकूर उरत नाही. संकेतस्थळावरील दस्तऐवज ई-पब किंवा अक्षरओळख केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत, असे २०१७च्या नियमांनीच सांगितले होते. मूळ फाइलवरून थेट पीडीएफ तयार करणे हा यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.

तिसरे कारण भाषेच्या नोंदीचे. पानाची भाषा कोणती, हे कोडमध्ये एका छोट्या नोंदीने सांगायचे असते. मराठीसाठी आणि हिंदीसाठी वेगवेगळे संकेत आहेत. ही नोंद हिंदीची असेल, तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. मग ४९ रुपये ‘एकोणपन्नास’ऐवजी ‘उनचास’ ऐकू येतात. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ या शब्दांतील च मराठीत वेगळा उच्चारला जातो, तो भेदही हरवतो. नोंद इंग्रजीची असेल, तर काही साधने देवनागरी मजकूर वगळूनच पुढे जातात. एका ओळीच्या दुरुस्तीने हा दोष जातो. परंतु इंग्रजी सॉफ्टवेअरवर मराठी भाषांतर चढविताना चित्रांची वर्णने आणि बटणांची नावे इंग्रजीतच राहून जातात, असा अनुभव आहे. इतर भारतीय भाषांनाही हे प्रश्न कमी-अधिक प्रमाणात भेडसावतात.

सांकेतिक भाषेचा प्रश्न याहून निराळा आहे. अनेक कर्णबधिर व्यक्तींसाठी भारतीय सांकेतिक भाषा ही प्रथम भाषा असते आणि लिखित मराठी ही दुसरी. त्यामुळे महत्त्वाच्या सूचना सांकेतिक भाषेतील चित्रफितींतूनही देणे आवश्यक ठरते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञांचा समावेश झाला होता.

चाचणी आणि खर्च

स्वयंचलित साधने दोषांचा काही भागच शोधू शकतात. चित्राला वर्णन आहे की नाही, हे यंत्राला कळते; ते वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर कळीने संपूर्ण व्यवहार पूर्ण करून पाहणे, पान २०० टक्के मोठे करून मजकूर कापला जात नाही ना हे तपासणे आणि डोळे मिटून स्क्रीन रीडरच्या साह्याने एक अर्ज भरणे, या तीन प्राथमिक चाचण्या कोणतीही संस्था करू शकते. अंतिम कसोटी मात्र दिव्यांग वापरकर्त्यांनी केलेली चाचणी हीच असते. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात अक्षरे मोठी करणारे चिन्ह बसविले म्हणजे जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. मुळातील बटणाला नाव नसेल, तर अक्षरे मोठी करून ते मिळत नाही.

सुगम्यतेचा विचार आराखड्याच्या टप्प्यावर केल्यास तिचा खर्च कमी राहतो. तयार सॉफ्टवेअर उकलून दुरुस्त करताना तो वाढतो. तिचा लाभही सर्वांना होतो. कर्णबधिरांसाठी दिलेली उपशीर्षके मुंबईच्या लोकलमधील गोंगाटात प्रत्येक प्रवासी वाचतो. ठळक रंगसंगती भर उन्हात मोबाइल पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या कामी येते. निर्यातीचाही मुद्दा आहे. युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला असून, युरोपीय ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या बँकिंग, ई-वाणिज्य आणि ई-पुस्तकांच्या सेवा त्याच्या कक्षेत येतात. पुणे, बंगळूरु आणि हैदराबाद येथील ज्या कंपन्या या बाजारपेठेसाठी सॉफ्टवेअर तयार करतात, त्यांना हे निकष पाळावे लागत आहेत. तेच कौशल्य देशांतर्गत सेवांसाठी वापरता येण्याजोगे आहे.

दाद कोठे मागावी?

सेवा सुगम नसल्यास प्रथम संबंधित संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आणि देशव्यापी सेवांबाबत दिल्लीतील मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे, तर राज्याच्या सेवांबाबत राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. महाराष्ट्राच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुणे येथे आहे. मुख्य आयुक्तांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करून तीन महिन्यांत तसे कळविणे अधिनियमाने बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारच्या ‘सुगम्य भारत’ ॲपवरही तक्रार नोंदविता येते.

तक्रारीत ॲपचे नाव आणि आवृत्ती, फोन व साहाय्यक साधनाचा प्रकार, नेमक्या कोणत्या पायरीवर अडथळा आला आणि त्यामुळे कोणते काम अपुरे राहिले, याची नोंद असावी. ‘ॲप चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘रक्कम भरल्यानंतरच्या पडद्यावरील बटणाचे नाव टॉकबॅक वाचत नाही’ या तक्रारीवरून तंत्रज्ञाला दोष लगेच सापडतो आणि सुनावणीच्या वेळी तीच नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.